बचाव चाकू

बचाव चाकू हे अडकलेल्या व्यक्तीची सुटका करण्यासाठी लष्करी बचाव पथके, वैमानिक, पाणबुडे आणि आपत्ती प्रतिसाद दले वापरत असलेले धारदार अवजार आहे. दोर, पट्टे, हवाई छत्रीच्या दोऱ्या व कापड कापणे, पत्रा फाडणे किंवा फांद्या तोडणे ही त्याची मुख्य कामे होत. लढाईच्या खंजिराची रचना भोसकण्यासाठी असते. बचाव चाकूची रचना मात्र जखमीला इजा न होता त्याच्या अंगालगतचे बंधन कापता यावे, अशी असते.

रचना

पुरातील बचावासाठीच्या चाकूचे टोक बहुधा बोथट असते. अणकुचीदार टोकामुळे हवा भरलेली रबरी होडी फाटण्याचा किंवा बुडणाऱ्या व्यक्तीला जखम होण्याचा धोका असतो. धारेचा काही भाग दातेरी असल्यास ओला नायलॉनचा दोर लवकर कापला जातो. पाते मुठीच्या टोकापर्यंत अखंड असल्यास चाकू जोर लावताना मुठीपाशी सहसा मोडत नाही. एका हाताने काढता येणारे म्यान आवश्यक असते, कारण दुसरा हात दोरात किंवा जखमीला धरण्यात गुंतलेला असतो.

घडण

हाताने घडवलेल्या चाकूसाठी उच्च कार्बनयुक्त पोलाद भट्टीत लाल करून ऐरणीवर ठोकले जाते किंवा पट्टीतून घासून आकारास आणले जाते. नंतर पाते तापवून तेलात बुडवतात. यास पाणी देणे म्हणतात. त्यामुळे पाते कठीण होते, पण ठिसूळही बनते. म्हणून ते पुन्हा सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाला तापवून त्यात चिवटपणा आणला जातो. कार्बनयुक्त पोलाद खाऱ्या हवेत लवकर गंजते. त्यामुळे समुद्रकिनारी त्याला नियमित तेल लावावे लागते.

इतिहास

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील ओरलँडो येथील बो रँडल यांचे हाताने बनवलेले चाकू दुसऱ्या महायुद्धात सैनिकांमध्ये प्रसिद्ध झाले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लष्करी डॉक्टर जॉर्ज इन्ग्राहम यांच्या सूचनांवरून रँडल यांनी पोकळ मुठीचा चाकू तयार केला. कोसळलेल्या विमानाचा पत्रा कापता यावा म्हणून त्याच्या पाठीवर करवतीसारखे दाते होते, तर मुठीत जगण्यासाठी उपयुक्त लहान वस्तू ठेवता येत. पुढे ही रचना अनेक निर्मात्यांनी उचलली.

भारतात गोरखा पलटणींची खुकरी हे सैनिकी व घरगुती अशा दोन्ही कामांत वापरल्या जाणाऱ्या हत्याराचे प्रसिद्ध उदाहरण आहे. युद्धकाळातील शोध व बचाव हे २००४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वायुसेनेच्या गरुड कमांडो दलाच्या कामांपैकी एक आहे.

चिपळूण व कोकण

२२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीमुळे वाशिष्ठी व शिव नद्यांना आलेल्या पुराने चिपळूण शहर वेढले गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांनी होड्यांतून नागरिकांना बाहेर काढले. लष्कराच्या दक्षिण कमानीने 'ऑपरेशन वर्षा २१' अंतर्गत रत्नागिरी, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत पथके पाठवली. वाहत्या पाण्यात झाडे, तारा व दोर यांत होडी अथवा माणूस अडकण्याची शक्यता असल्याने अशा पथकांना कापण्याचे साधन अंगावर बाळगावे लागते.

बाहेरून पथक येईपर्यंत कोकणात हे काम बहुधा कोयता किंवा कोयतीच करते. गावातील लोहार ती अनेकदा मोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवतात. कमरेला बांधलेल्या आकडीत ती अडकवल्यामुळे माडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य झाडे उन्मळून पडली. अशा वेळी वाट मोकळी करताना कोयत्याने फांद्या छाटल्या जातात. जाड खोडांसाठी मात्र कुऱ्हाड किंवा यांत्रिक करवत लागते.

कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांचा समावेश धारदार शस्त्रांच्या वर्गात होतो. घरगुती, शेतीविषयक, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगासाठी बनवलेल्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत.