अपोलो बंदरावरील पुतळे : सत्तांतर आणि शिल्पकार

मुंबईच्या अपोलो बंदराचा दर्शनी भाग समुद्रात भराव घालून घडविण्यात आला. पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्या १९११ मधील आगमनाचे स्मारक असलेले, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधलेले ‘गेटवे ऑफ इंडिया’ ४ डिसेंबर १९२४ रोजी खुले झाले. त्याच्यासमोर पंचम जॉर्जचा पुतळाही होता. ‘मंदिरपथगामिनी’मुळे ख्यातनाम झालेले गणपतराव म्हात्रे हे त्याचे शिल्पकार होत.

२६ जानेवारी १९६१ रोजी त्या जागी छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. सार्वभौम राष्ट्राच्या दृष्टीने हा बदल स्वाभाविकच होता. तथापि सम्राटाबरोबर म्हात्रेही नजरेआड झाले, याचा विचार पुतळ्यांच्या चर्चेत क्वचितच होतो. पुतळा कोणाचा एवढेच विचारले जाते. तो कोणी घडविला हे नव्हे.

नजीकच्या काळा घोडा चौकात मात्र वेगळे घडले. पुढे सप्तम एडवर्ड झालेल्या युवराजाचा, बोहम यांनी घडविलेला अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तेथून हलवून भायखळ्याच्या उद्यानात नेण्यात आला; लोकांनी चौकाचे नाव सोडले नाही. २०१७ मध्ये तेथे शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडविलेला नवा काळा घोडा बसविण्यात आला. त्यावर स्वार नाही.