पापनिवेदनाची कुळकथा

कॅथलिक परंपरेत श्रद्धावंत धर्मगुरूपुढे एकांतात आपली पापे उच्चारतो आणि देवाच्या नावाने क्षमा मिळवतो. गोव्यातील कोकणीभाषक ख्रिस्ती ज्याला ‘कुमसार’ म्हणतात, त्या या विधीचे आजचे रूप पहिल्या ख्रिस्ती शतकांत नव्हते. त्या काळी धर्मत्याग, मनुष्यवध, व्यभिचार अशा घोर पापांचे प्रायश्चित्त बिशपच्या अधिकाराखाली, सर्व मंडळीच्या देखत आणि बाप्तिस्म्यानंतर आयुष्यात एकदाच घेता येई. ही एकमेव संधी वाया जाऊ नये म्हणून अनेक जण ती मरणशय्येपर्यंत लांबणीवर टाकत, आणि रोजच्या जगण्यात वाट चुकणाऱ्या माणसाला तिचा आधार उरत नसे.

या पेचातून वाट निघाली ती आयर्लंडच्या मठांतून. तेथे दोष खाजगीत आणि वारंवार सांगण्याची रीत होती व सहाव्या शतकापासून त्यासाठी प्रायश्चित्तसंहिता, म्हणजे कोणत्या पापाला किती प्रायश्चित्त हे सांगणाऱ्या पुस्तिका, तयार झाल्या. आयरिश मठाधिपती फिन्नियनच्या संहितेत शेजाऱ्याला मारण्याचा बेत नुसता मनात आखणाऱ्या धर्मसेवकाला सहा महिने मोजक्या भाकरी-पाण्यावर राहण्यास सांगितले आहे, तर त्याच दोषासाठी सामान्य गृहस्थाला एकच आठवडा दिला आहे. पाप मनातच घडू शकते आणि त्याचे वजन करणाऱ्यानुसार बदलते, ही जाण येथे स्पष्ट दिसते. शिवाय रागाला सौम्यतेने व लोभाला औदार्याने उतारा देणारी ही संहिता प्रायश्चित्ताकडे औषधोपचार म्हणून पाहते.

आयरिश मठवासी कोलंबानुस सहाव्या शतकाच्या अखेरीस गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, आला आणि ही रीत युरोपच्या मुख्य भूमीवर रुजली, पण विरोधही झाला. 589 च्या स्पेनमधील तोलेदो धर्मसभेने पुनःपुन्हा क्षमा मागण्याच्या प्रथेचा निषेध केला आणि 829 मध्ये पॅरिसच्या धर्मसभेने अशा संहिता जाळण्याचा आदेश दिला. तरीही खाजगी निवेदन टिकले, आणि बाराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ पीटर अबेलारने पापाचे मर्म कृतीत वा वासनेत नसून मनाने दिलेल्या संमतीत असल्याचे मांडल्यावर त्यामागील विचार अधिक धारदार झाला. 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. त्याच नियमात धर्मगुरूने कुशल वैद्याप्रमाणे पापाची परिस्थिती विचारून घ्यावी असे सांगितले, आणि निवेदनाचे गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षा ठरवली. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी धर्मगुरू व निवेदक यांच्यामध्ये जाळीची खिडकी असलेल्या आसनाची रचना नेमून दिली.

आजही कॅथलिक नीतिशास्त्र प्राणघातक पाप, म्हणजे देवाशी असलेले नाते तोडणारे पाप, ठरवताना गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि स्वेच्छेची संमती या तिन्ही अटी पाहते. या परंपरेचे खरे देणे हेच की, माणसाच्या अपराधाचा निवाडा करण्यापूर्वी त्याचे मन ऐकून घेणे तिने धर्माचे कर्तव्य ठरवले.