छत्र्या लागल्या, नियोजन राहिले

पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यात दूरचित्रवाणी डिजिटल कशी झाली, याविषयी एक मत आता जवळजवळ सर्वमान्य आहे. पूर्वपक्ष असा: जुन्नरच्या घाटघर-अंजनावळ्यापासून आंबेगावच्या आहुपे खोऱ्यापर्यंत केबल फारशी पोहोचलीच नाही. सिंहगडावरच्या मनोऱ्याचे चित्र डोंगराआड अडायचे. मग डिसेंबर 2004मध्ये दूरदर्शनची उपग्रहसेवा आली, जिला आज फ्री डिश म्हणतात, आणि लोकांनी स्वतःच्या पैशाने कौलांवर, पत्र्यांवर छत्र्या बसवल्या. महिन्याचा रिचार्ज नाही, कुणाची मिनतवारी नाही. तेव्हा हा बदल आपोआप झाला. त्याला नियोजन लागले नाही आणि लागणारही नव्हते.

हे मत बिनबुडाचे नाही. त्याच्या बाजूचा एक भक्कम पुरावा मीच देतो. फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. जुन्नरहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 58 अंश उंच येतो. सह्याद्रीची मुख्य भिंत पश्चिमेला. म्हणजे खोल दरीतल्या वाडीलाही सहसा डोंगर आडवा येत नाही. छत्री बसवणारा पोरगा अंगणात उभा राहून आग्नेयेला मान वर करतो, झाडाची फांदी तेवढी चुकवतो, नट आवळतो आणि अर्ध्या तासात सह्याद्री वाहिनी लागते. मनोऱ्याला जे जमले नाही, ते छत्रीने केले. मान्य.

पण हा निकाल डिसेंबरातला आहे. जुलैत काय होते?

फ्री डिशचे तरंग सुमारे 11 गिगाहर्ट्झचे. त्यांची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर. मुसळधार पाऊस असे तरंग शोषतो आणि विखरतो. जुन्या मनोऱ्याचे तरंग मीटरच्या मापाचे. त्यांना पावसाचे सोयरसुतक नव्हते, डोंगराचे होते. शिवाय ॲनालॉग चित्र बिघडायचे ते पायरीपायरीने. मुंग्या यायच्या, सावल्या पडायच्या, पण बातमीदाराचा आवाज मुंग्यांतूनही ऐकू यायचा. डिजिटलला ही मधली पायरी जवळजवळ नाही. चित्र चौकोनांत फुटते आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ येते. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून जोडात शिरणारे पाणी अडते. ढगातले अडत नाही. भीमाशंकर-आहुप्याच्या माथ्यावर जेव्हा पाऊस कोसळत असतो, म्हणजे जेव्हा इशारा ऐकण्याची खरी निकड असते, नेमके तेव्हाच हे साधन डोळे मिटते. याला कुणी ‘प्रश्न सुटला’ म्हणेल काय?

30 जुलै 2014ला आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि गाव दिसत नाही हे पहिल्यांदा लक्षात आले ते एसटीच्या चालकाच्या. टीव्ही चालू असता तर माळीण वाचले असते, असे मी म्हणत नाही. तो युक्तिवाद खोटा ठरेल. माझे म्हणणे एवढेच की पावसाळ्यात बाहेरच्या जगापासून तुटणाऱ्या मुलखात प्रसारणाचे साधन बदलताना पावसाळा हा पहिला निकष असायला हवा होता.

आता ‘आपोआप’ या दाव्याकडे. केबलच्या कायद्यात 2011मध्ये दुरुस्ती झाली आणि केबल डिजिटल करण्याचे चार टप्पे ठरले. आधी महानगरे, मग 31 मार्च 2013ला पुण्यासह 38 शहरे, मग उरलेली नागरी वस्ती, शेवटी ‘उर्वरित भारत’, ज्याची मुदत लांबत 31 मार्च 2017वर गेली. जुन्नरला नगरपरिषद, म्हणून ते तिसऱ्या टप्प्यात. नारायणगाव आणि मंचर या बाजारपेठा दांडग्या, पण तेव्हा ग्रामपंचायती, म्हणून चौथ्यात. (तमाशाच्या राहुट्यांनी गजबजणाऱ्या नारायणगावाला ‘उर्वरित’ म्हणायला धाडसच हवे.) सारा हिशेब नगरपालिकेच्या हद्दीचा. दुसरीकडे दूरदर्शनने मोक्याची सुमारे 50 ठिकाणे सोडून आपले ॲनालॉग प्रक्षेपक मार्च 2022पर्यंत बंद केले. त्यांच्या जागी मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण 2016मध्ये आले ते 16 शहरांत. महाराष्ट्रात मुंबई आणि औरंगाबादेत. म्हणजे निर्णय होत होते, तारखा पडत होत्या, टप्पे आखले जात होते. नियोजन नव्हते असे नाही. ते डिंभे धरणाच्या जलाशयापलीकडच्या वाड्यांसाठी नव्हते.

ते करता येते का? येते. ब्रिटनने सुरुवात लंडनपासून केली नाही. 2007मध्ये व्हाइटहेवन या आडबाजूच्या किनारी गावात आधी ॲनालॉग बंद केले, चुका तिथे पाहिल्या, मग मोठी शहरे घेतली. आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना व अपंगांना खोका, जोडणी आणि नंतरची मदत असे तिन्ही देणारी योजना उभी केली. आपण नेमका उलटा क्रम लावला. धडा शिकायचा तो लहान जागी, की मुंबईत?

‘फुकट आहे ना!’ हा पुढचा मुद्दा. फुकट आहे, पण हक्काचे नाही. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात. मार्च 2019मध्ये मोठ्या समूहांनी आपल्या मनोरंजन वाहिन्या तिथून काढून घेतल्या. 2020मध्ये परत आणल्या. मधल्या काळात वाडीतल्या प्रेक्षकाला विचारले कुणी? राहिला ‘आता मोबाईल आहे’ हा आक्षेप. ज्या वाडीत बोलण्यापुरती रेंज शोधायला टेपावर चढावे लागते, तिथे त्याचे उत्तर टेपावरच मिळेल.

आणि तरंगांचे नियोजन जुन्नर तालुक्याला परके आहे असेही नाही. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची, इथे आली ती रेडिओ-गोंगाट कमी म्हणून, आणि तो कमी राहावा यासाठी आसपासच्या प्रक्षेपणाकडे लक्ष ठेवावे लागते. ‘दुर्बिणीमुळे रेंज जाते’ असे पारावर बोलतात. ते साफ चूक. दुर्बीण ऐकते, बोलत नाही. आकाशातल्या क्षीण तरंगांसाठी जी दक्षता शक्य आहे, ती माणसांसाठी अशक्य कशी?

हा प्रश्न जुना झालेला नाही. टीव्हीचे प्रसारण थेट मोबाईलवर करण्याच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. ते मनोऱ्यावरून येईल, आणि त्यासाठी 470 ते 582 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची चर्चा आहे. खोडदची दुर्बीण 250 ते 500 आणि 550 ते 850 मेगाहर्ट्झमध्ये ऐकते. दोन्हीकडे पट्टे एकमेकांवर चढतात. मनोरा कुठे उभारायचा, किती शक्तीचा, कोणत्या खोऱ्याकडे तोंड करून, आणि दुर्बिणीला किती अंतर सोडून, हे कुणीतरी नकाशा पसरून ठरवावेच लागेल. पूर्वपक्षाच्या मते हेही आपोआप ठरणार आहे काय?