पंचेचाळीस पौंडांची मुलगी आणि एक इंजेक्शन

१/८
१६ ऑगस्ट १९२२, टोरांटो. डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांच्यासमोर आलेली एलिझाबेथ ह्यूज तीन दिवसांनी पंधरा वर्षांची होणार होती. वजन ४५ पौंड, म्हणजे जेमतेम २० किलो. वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. मधुमेहावर नवे इंजेक्शन घ्यावे का, या प्रश्नाचा शंभर वर्षांपूर्वीचा हा इतिहास.

२/८
तिला १९१९ मध्ये मधुमेहाने गाठले. आज ज्याला टाइप १ म्हणतात, तो हा प्रकार. त्या काळी मुलांच्या बाबतीत हे निदान म्हणजे मृत्युदंडच होता. डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांच्याकडे एकच उपाय होता: मोजूनमापून उपासमार. लघवीत साखर उतरली की आहार आणखी घटवायचा.

३/८
या उपचाराने रोग बरा होत नसे; मरण लांबत असे. काही रुग्ण मधुमेहाऐवजी भुकेनेच गेले. तरीही ह्यूज कुटुंबाने ही वाट धरली, कारण लांबलेल्या प्रत्येक महिन्यात एखादे औषध सापडण्याची आशा होती.

४/८
११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले. अर्क अशुद्ध होता. गुण फारसा आला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शने सुरू झाली आणि साखर उतरली. हेच इन्सुलिन.

५/८
जुलैत एलिझाबेथची आई अँटोनेट यांनी बँटिंग यांना पत्र लिहिले. औषधाचा तुटवडा होता, म्हणून आधी नकार आला. शिवाय प्रत्येक खेपेची शक्ती वेगळी. मात्रा जास्त झाली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरे. परंतु घरी थांबण्यातला धोका त्याहून मोठा होता. ऑगस्टमध्ये बँटिंग यांनी होकार दिला.

६/८
काही महिन्यांत तिचे वजन दुप्पट झाले. सुई मात्र जन्मभर सुटली नाही. एलिझाबेथ १९८१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी वारली. तोवर तिने सुमारे ४२,००० इंजेक्शने घेतली असावीत, असा अंदाज आहे. आपला आजार तिने आयुष्यभर लोकांपासून लपवला.

७/८
१९२३ मध्ये शोधकांनी पेटंट प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. अमेरिकेत एली लिली कंपनीने उत्पादन वाढवले. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांनी टोरांटोहून परवानगी नेली. त्यांच्या पत्नी मारी यांना मधुमेह होता. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेचा वारसा आज नोव्हो नॉर्डिस्ककडे आहे.

८/८
सेमाग्लुटाइड नोव्होचे, टिर्झेपटाइड लिलीचे. १९२२ चे इंजेक्शन खंगलेल्या मुलांचे वजन वाढवत होते. आजची ही इंजेक्शने टाइप २ मधुमेहात साखर आणि लठ्ठपणात वजन उतरवतात. एलिझाबेथपुढे दुसरा पर्याय मृत्यूचा होता. आज बहुतेकांपुढे गोळ्या, आहार, व्यायाम असे इतर मार्गही असतात, त्यामुळे तिचा निर्णय आजच्या रुग्णाला जसाच्या तसा लागू पडत नाही. मळमळ, खर्च, औषध थांबवल्यावर परतणारे वजन हा हिशेब डॉक्टरांसोबत नव्यानेच मांडावा लागतो. ह्यूज कुटुंबाचे दोन प्रश्न मात्र आजही तसेच विचारता येतात: न घेतल्यास काय होईल, आणि घेतल्यास किती काळ घ्यावे लागेल?