पंख्याखालचा गिअरबॉक्स

सचिनच्या जीआयडीसीत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना गिअर म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. मागाचा आवाज थोडा बदलला की जुना कारागीर ओळखतो, बेअरिंग गेले किंवा तेल कमी पडले. मग मशीन थांबवायचे, उघडायचे, दुरुस्त करायचे. हेलिकॉप्टरमध्येही दातेरी चाके, बेअरिंग आणि तेलच असते. फरक एवढाच, की ते मशीन आकाशात थांबवता येत नाही. म्हणून हेलिकॉप्टरचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्याच्या गिअरबॉक्सचा इतिहास आहे.

भारतीय सैन्याच्या हेलिकॉप्टरांची पहिली मोठी पिढी फ्रान्समधून आली. १९६२ च्या करारानंतर हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएलने बंगळुरूला ‘चेतक’ बांधायला घेतले. पुढे हिमालयातील उंच ठाण्यांसाठी भारताला अधिक उंच चढणारे यंत्र हवे होते. त्या गरजेतून फ्रान्समध्ये ‘लामा’ तयार झाले आणि आपल्याकडे ते ‘चीता’ या नावाने ओळखले जाऊ लागले. २१ जून १९७२ रोजी जाँ बुले या फ्रेंच वैमानिकाने लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेले. तेथे इंजिन बंद पडले, तरी तो सुखरूप खाली उतरला. इंजिन थांबताच ते पंख्यापासून सुटे होते आणि खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो, अशी सोय ड्राइव्हमध्येच असते. १९८४ पासून सियाचीनच्या ठाण्यांना रसद पोहोचवणारे आणि आजारी जवानांना खाली आणणारे चीता याच घराण्यातले.

या ड्राइव्हचे काम थोडक्यात असे. चीताच्या इंजिनाचा आस मिनिटाला ३३ हजारांहून अधिक फेरे घेतो, तर वरचा पंखा साडेतीनशेच्या आसपास. मधला सारा वेग उतरवायचा आणि त्याच प्रमाणात जोर वाढवायचा, हे गिअरबॉक्सने करायचे. शेपटीच्या छोट्या पंख्यालाही त्यानेच फिरवायचे. तो जड केला तर तेवढी माणसे किंवा औषधे कमी न्यावी लागतात. हलका केला तर दात्यांवर ताण वाढतो. दात्यांची घासाघीस म्हणजे किंचाळणारा आवाज आणि कंप, आणि कंप म्हणजे झीज. हलका, शांत आणि भरवशाचा, या तीन मागण्या एकमेकींशी भांडतात.

हे भांडण सोडवण्यासाठी अमेरिकेच्या लष्कराने आणि नासाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक संशोधन कार्यक्रम हाती घेतला. उद्दिष्टे आकड्यांत मांडली होती: ड्राइव्हचे वजन २५ टक्क्यांनी कमी, आवाज १० डेसिबलने कमी आणि दोन काढघालींमध्ये ५,००० तासांचे आयुष्य. १० डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा एक दशांशावर आणणे. यातून पुढे आलेली एक कल्पना साधी होती. सगळा भार एकाच दातेरी चाकावर न टाकता तो दोन-तीन वाटांनी वाटून द्यायचा. प्रत्येक दात्यावर ताण कमी आला की चाक लहान करता येते आणि पेटी हलकी होते. ‘फेस गिअर’ नावाची चपट्या तोंडाची दातेरी चाके वापरून हे साधले गेले. अपाचेच्या नव्या आवृत्तीत, म्हणजे एएच-६४ई मध्ये, हीच पद्धत आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पठाणकोटला भारतीय वायुदलात दाखल झालेली अपाचे याच आवृत्तीची.

आपली स्वतःची वाट मात्र अधिक खडतर होती. १९८४ मध्ये जर्मनीच्या एमबीबी कंपनीचा सल्ला घेऊन एचएएलने ‘ध्रुव’चे काम सुरू केले. पहिले उड्डाण २० ऑगस्ट १९९२ रोजी झाले. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि पुढच्या आवृत्तीसाठी निवडलेले अमेरिकन इंजिन मिळेनासे झाले. फ्रेंच इंजिनावर काम चालवून २००२ पासून ध्रुव सेवेत येऊ लागले. पंख्याचा आस, गिअरबॉक्स आणि नियंत्रणाचे बरेच भाग एकाच पेटीत बसवायचे, ही त्याची खास रचना. गिअरबॉक्सचा कंप सांगाड्यात उतरू नये म्हणून मध्ये कंपरोधक जोडही दिले.

जागा आणि वजन वाचले, पण ही एकत्र पेटी अपेक्षेपेक्षा लवकर झिजू लागली. इटलीच्या आविओ कंपनीचा सल्ला घ्यावा लागला, आणि नव्या आवृत्तीत हा दोष उरला नसल्याचे एचएएलने २०११ मध्ये सांगितले. तरी प्रश्न संपले नाहीत. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाचे एक ध्रुव मुंबईजवळ समुद्रात उतरवावे लागले. तिघेही वाचले. त्यानंतर नियंत्रणाचे अ‍ॅल्युमिनियमचे दांडे बदलून पोलादी बसवण्याचा निर्णय झाला. हलक्या धातूकडून जड धातूकडे मागे यावे लागले, यातच सगळा धडा आहे.

५ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच गुजरातेत, पोरबंदरला, तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले आणि तिघांचा प्राण गेला. तपासात ‘स्वॉशप्लेट’ तुटल्याचे आढळले. वैमानिकाच्या हातातील दांड्याची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणारी ही तबकडी. एका भागासाठी तिन्ही सेनादलांची आणि तटरक्षक दलाची मिळून सुमारे ३३० ध्रुव जमिनीवर उभी राहिली. लष्कर आणि वायुदलाच्या ध्रुवांना मे महिन्यात पुन्हा उड्डाणाची मुभा मिळाली. नौदल आणि तटरक्षक दलाला मात्र आणखी थांबावे लागले.

महाराष्ट्राचा या कहाणीशी जवळचा संबंध आहे. लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक नाशिक रोडच्या प्रशिक्षण शाळेत तयार होतात. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांना तेथेच पंख मिळाले आणि लष्कराच्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या. गोव्यात सत्तरी तालुक्यात हेलिकॉप्टर इंजिनांच्या देखभालीचा कारखाना उभा राहिला आहे. अशा ठिकाणी तेलाच्या वाटेवर बसवलेल्या छोट्या लोहचुंबकाला फार मान असतो. धातूचा कण त्याला चिकटला की वैमानिकासमोर दिवा लागतो, आणि दिवा लागला की उतरायचे. जुन्या कारागिराच्या कानाचे काम तेथे हा चुंबक करतो.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी सुरतेत शिरले, तेव्हा गच्च्यांवर अन्नाची पाकिटे टाकणारी हेलिकॉप्टरे अनेकांनी पाहिली. लोकांचे डोळे पाकिटांकडे होते, आणि ते स्वाभाविकच होते. पण प्रत्येक पाकिटामागे एक न दिसणारी पेटी तेलात फिरत होती. भारताला स्वतःची हेलिकॉप्टरे हवीत यात शंका नाही. मात्र ‘स्वदेशी’ हा शब्द सांगाड्यावर लिहून भागत नाही. तो दात्याच्या पोलादात, बेअरिंगच्या घडणीत आणि प्रत्येक तपासणीच्या सहीत उतरावा लागतो. पोरबंदरच्या त्या तिघांचे देणे तेवढ्यानेच थोडेफार फिटेल.