कोळशाची मोटार आणि नातवाचा टर्बो

माझा नातू साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. गेल्या दिवाळीला तो सांगलीला आला तेव्हा काखेत एक जड खोके होते. मला वाटले फराळ असेल. उघडून पाहिले तर ॲल्युमिनियमची एक पेटी, तिला चार नळ्या.

"आजोबा, हा इनटेक मॅनिफोल्ड. माझ्या गाडीला बसवणार."

त्याची गाडी जुनी, टर्बोवाली. तिचा मूळचा प्लास्टिकचा मॅनिफोल्ड काढून हा बसवायचा, पेटी मोठी आणि नळ्या आखूड, म्हणजे वरच्या वेगात ताकद वाढते असे त्याचे म्हणणे. मी इतिहास शिकवणारा माणूस, मला यातले काय कळणार! पण त्या चार नळ्या बघताना मला माझे वडील आठवले.

अण्णा १९४२ साली सोळा वर्षांचे होते आणि सातारा-वाई-पाचगणी मार्गावरच्या एका खाजगी सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होते. महायुद्धामुळे १९४१ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले होते. पुढच्या वर्षी ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथले तेलही थांबले. मग मोटारींच्या पाठीमागे पत्र्याच्या उभ्या भट्ट्या बसल्या. भट्टीत लोणारी कोळसा पेटवायचा आणि हाताने पंखा फिरवून तो फुलवायचा. त्यातून निघणारा गॅस गाळून, थंड करून नळाने इंजिनाकडे न्यायचा. तिथे कार्ब्युरेटरशेजारी एक जोडतुकडा असे, त्यात गॅस आणि हवा मिसळे. म्हणजे नातू आज जिथे हात घालतो आहे, त्याच जागी अण्णांच्या मोटारीत फेरफार झाला होता. फक्त कारण उलटे. याला हौस आहे, त्यांना गरज होती.

या गॅसमध्ये निम्म्याहून अधिक नायट्रोजन, जो जळतच नाही. त्यामुळे इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घटे. त्यात पसरणीचा घाट. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक अष्टमांशाने विरळ. इंजिन आधीच अर्धपोटी आणि वर श्वासही अपुरा. अण्णा सांगत, अवघड वळणावर उतारू खाली उतरून चालायचे आणि क्लीनर हातात दगडाची उटी घेऊन चाकामागून धावायचा.

गंमत अशी की विरळ हवेचे हे कोडे जगात तेव्हा सुटलेले होते. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली टर्बोचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने आत हवा कोंबायची. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेऊन टर्बोची परीक्षा घेतली. म्हणजे टर्बो हा मुळात शर्यतीपेक्षा घाटाचाच मित्र!

आपला भागही अगदीच अडाणी नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती. साताऱ्याचे धनजीशा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. सातारा रोडला त्यांचा कारखाना होता आणि कूपरची डिझेल इंजिने विहिरींवर गेली. त्या जोडतुकड्यासारखी कामे गावातला लेथवाला करून देई, असे अण्णा म्हणत. हा सगळा मुलूख तेव्हा सातारा जिल्हा आणि भोवतीची संस्थाने असा होता. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले.

पण अण्णांची एक आठवण मी नातवाला कधी सांगितली नव्हती. थंडीचे दिवस. मोटार गॅरेजात लावलेली, भट्टी अजून ऊबदार. अण्णांचा जोडीदार क्लीनर दार ओढून घेऊन तिथेच झोपला, तो सकाळी उठला नाही. इंजिन चालू असते तेव्हा ते गॅस ओढून घेते. ते बंद झाले की भट्टीतला गॅस सांध्यांतून बाहेर झिरपतो. त्यात जवळजवळ पाव हिस्सा कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग ना वास. त्या रात्री अण्णाही तिथेच झोपणार होते, पण कुणाकडे तरी जेवायला थांबले. तेव्हापासून ते कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी एकच विचारत : "गळतंय कुठं?"

हे मी त्या संध्याकाळी सांगितले. नातू बराच वेळ गप्प होता. मग मी माझ्या अडाणीपणाने विचारले, "या पेटीतून चारही नळ्यांना सारखी हवा जाते का रे?" तो म्हणाला, खरा प्रश्न तोच आहे. एका सिलिंडरला हवा जास्त गेली आणि पेट्रोल त्या मानाने कमी पडले, तर आतले तापमान वाढते, इंजिन ठोकायला लागते आणि पिस्टन वितळूही शकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेला निकालही त्याला ठाऊक होता. कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही.

साताऱ्याला परतल्यावर त्याने आधी एका ओळखीच्या मेकॅनिककडून हवेच्या मार्गात धूर सोडून गळती तपासली. इंटरकूलरकडून येणारा रबरी पाइप क्लिपाखाली चिरलेला निघाला. टर्बोने कोंबलेली हवा वाटेतच पळत होती! पाइप बदलला, खर्च काही शे रुपये. "आजोबा, गाडी घाटात वेगळीच चालते," असा फोन आला.

नवा मॅनिफोल्ड अजून आमच्या माळ्यावर आहे. तो बसवायचा की विकायचा हे त्याचे ठरलेले नाही, आणि मीही विचारत नाही. पाडव्याला तो मला त्याच गाडीतून पाचगणीला घेऊन गेला. पसरणीच्या एका वळणावर मी म्हटले, "इथं अण्णा उटी लावायचे." त्याने गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघे थोडा वेळ खाली उतरून उभे राहिलो.