अमेरिकेतला टोही आणि लातूरच्या ज्वारीतला भारीट: नातं नेमकं काय?

रब्बी ज्वारी हुरड्यात आली की लातूर-नांदेडच्या शिवारात पिवळसर पाखरांचे थवे उतरतात. शेतकरी गोफण फिरवतो, थवा उठतो आणि शेजारच्या धुऱ्यावर जाऊन बसतो. यात बरेचदा काळ्या डोक्याचा भारीट असतो. आग्नेय युरोप, तुर्कस्तान आणि इराणच्या भागात त्याची वीण होते आणि हिवाळा काढायला तो भारतात येतो. याच भारिटाच्या कुळात एकेकाळी उत्तर अमेरिकेतला टोही नावाचा पक्षीही मोजला जायचा.

टोही म्हणजे कोण?

टोही हे नाव त्याच्या हाकेवरून पडलं. पूर्व अमेरिकेतला नर वरून काळा, कुशीला तांबूस आणि पोटाला पांढरा असतो. डोळे बहुधा लालभडक. तो झुडपांखाली वावरतो, त्यामुळे दिसण्याआधी ऐकू येतो. दोन्ही पायांनी एकदम मागे उडी मारत तो पालापाचोळा उकरतो आणि खालचे किडे, बिया टिपतो. एवढासा पक्षी, पण आवाज एखादं मोठं जनावर चालल्यासारखा! त्याचं गाणं तिकडचे पक्षीनिरीक्षक ‘ड्रिंक युअर टी’ असं लक्षात ठेवतात. म्हणजे चहा पिऊन घ्या.

मग कूळ वेगळं का झालं?

दाणे फोडणारी जाड, शंकूसारखी चोच दोघांनाही आहे. त्यामुळे जुन्या वर्गीकरणात दोघे एम्बेरिझिडी कुळात होते. डीएनएच्या अभ्यासातून वेगळं चित्र पुढे आलं आणि २०१७ साली अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने टोही आणि त्याच्या भाईबंदांना पॅसेरेलिडी हे स्वतंत्र कूळ दिलं. एम्बेरिझिडीत आता आपल्याकडचे, म्हणजे आशिया, युरोप आणि आफ्रिकेतले भारीट उरले.

खरा घोळ पुढे आहे. पॅसेरेलिडीतल्या पक्ष्यांना इंग्रजीत ‘स्पॅरो’ म्हणतात आणि मराठीत त्याचं सरसकट ‘चिमणी’ होतं. पण आपल्या घरातली चिमणी पॅसेरिडी या तिसऱ्याच कुळातली. अमेरिकेत ती मूळची नाहीच, १८५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये नेऊन सोडलेली आहे. म्हणजे टोहीचं नातं चिमणीपेक्षा आपल्या भारिटाशी जवळचं आहे. नावावरून नातं ठरवलं की असं होतं.

जातींच्या सीमाही पक्क्या नसतात. पूर्वेकडचा टोही आणि पश्चिमेकडचा ठिपकेदार टोही एकच जात मानले जात होते. १९९५ साली ते वेगळे केले गेले. दोघांची हद्द मिळते तिथे संकर होतो. आपल्याकडे येणाऱ्या काळ्या डोक्याच्या आणि लाल डोक्याच्या भारिटांचाही उत्तर इराणमध्ये असाच संकर होतो.

शिवारात काय बदलतंय?

काळ्या डोक्याचा भारीट जगाच्या पातळीवर धोक्यात नाही. मात्र त्याला हिवाळ्यात दाण्याचं पीक लागतं आणि महाराष्ट्रात ज्वारीचं क्षेत्र गेल्या काही दशकांत बरंच घटलं आहे. लातूर भागात खरिपात सोयाबीनचं राज्य आहे. जिथे ज्वारी एक-दोन तुकड्यांपुरती उरते, तिथे आसपासची सगळी पाखरं त्याच तुकड्यावर येतात आणि मार त्या एकट्या शेतकऱ्याला बसतो.

भारीट बघायचा तर फेब्रुवारी-मार्च गाठा. नराच्या डोक्यावरच्या पिसांच्या फिकट कडा तोवर झिजतात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. दोन्ही जातींच्या माद्या मात्र इतक्या सारख्या असतात की जाणकारही चुकतात.